बंडीला कुठे ठेवू?

डॉक्टरकाका,
मी २७ वर्षांची, नर्स आहे. आमचं गाव मालवण तालुक्यात. सप्टेंबरात नोकरीसाठी जर्मनीला जातेय, निदान तीन वर्षं तरी. माझ्याकडे लाल कानाचं कासव आहे. ११ वर्षांपूर्वी बाबांनी कोल्हापूरहून आणलं तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढं होतं, आता पाठ नऊ इंच भरते. नाव बंड्या ठेवलं होतं. सहाव्या वर्षी त्याने अंडी घातली, तेव्हापासून बंडी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या हातचं असं हे एकच उरलंय, म्हणून मला तिला सोबत न्यायचंय. मुंबईचा मामेभाऊ म्हणतो, ओल्या फडक्यात गुंडाळ, डब्यात घाल आणि सामानातून ने, कोण बघतंय! आई म्हणते, "देवळाच्या तळयेत सोड गो, देव बघतलो तेका." घरात आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी आहे. बंडी सध्या पडवीत काचेच्या टाकीत असते, खाणं सुका जवळा आणि दुकानातल्या गोळ्या. काय करू?
– एक वाचक

उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण तुझ्या हातात महिने थोडे आहेत. बंडीला जर्मनीत नेता येणार नाही. अर्ज करून, एजंट गाठून किंवा पैसे भरून सुटेल अशी ही अडचण नाही. लाल कानाच्या कासवांची आयात युरोपने १९९७ सालीच थांबवली. पुढे २०१६ मध्ये युरोपीय संघाने परक्या, उपद्रवी प्राण्यांची आणि वनस्पतींची पहिली यादी लागू केली. त्यात या कासवाची अख्खी जात आहे, म्हणजे पिवळ्या पोटाचे त्याचे भाऊबंदसुद्धा. यादीतला प्राणी आणायचा नाही, विकायचा नाही, वाढवायचा नाही, नव्याने पाळायचाही नाही. तिथे गेल्यावर एखाद्याच्या बागेतल्या तळ्यात तुला अगदी बंडीसारखं कासव दिसेल, तेव्हा मला फसवलं असं वाटून घेऊ नकोस. यादी येण्याआधीपासून ज्यांच्याकडे अशी कासवं होती, त्यांना ती मरेपर्यंत बंदोबस्तात ठेवायची मुभा दिलेली आहे.

ही कासवं मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. नाण्याएवढी, हिरवीगार, गालावर कुंकवाची रेघ ओढल्यासारखी, म्हणून लोक घेतात. पाच-सहा वर्षांत ती ताटाएवढी होतात, टाकी पुरत नाही, वास मारते, आणि मग कुणीतरी रात्री ओढ्यावर जाऊन सोडून येतं. जगभर असंच झालं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींची जी यादी केली जाते, तिच्यात हे कासव आहे.

मामेभावाचा डबा विसर. विमानाच्या केबिनमध्ये सरपटणारे प्राणी घेतच नाहीत. ते नेतात ते रीतसर कागदांसह, मालाच्या विभागातून, खास बांधलेल्या खोक्यात, तापमान सांभाळून. मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवर सामानात कोंबून आणलेली अशीच कासवं कितीतरी वेळा पकडली गेली आहेत. ती कशी सापडतात हे तू पाहिलं असतंस तर भावाला तिथेच गप्प केलं असतंस. पाय आत ओढून चिकटपट्टीने बांधलेले, डोळे सुजून मिटलेले. तू नर्स आहेस. तुझा व्हिसा, तुझी नोंदणी, तुझी नोकरी हे सगळं तुझ्या नावावर एकही डाग नसण्यावर उभं आहे. ते त्या डब्यात घालू नकोस, आणि बंडीलाही घालू नकोस.

समजा हे सगळं जमलं असतं, तरी पुढचं चित्र बघ. पहिल्या वर्षी तुला एका खोलीचं घर मिळेल. नऊ इंचाच्या कासवाला इंचामागे चाळीस लिटर धरलं, तरी साडेतीनशे लिटर पाणी लागतं. ते थंडीभर गरम ठेवायचं, वर ऊन देणारा दिवा, आणि तू रात्रपाळीला. परवानगी असती तरी मी तुला नको म्हटलं असतं.

अशीच विचारणा करणारी आणखी पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांचंही इथेच सांगून घेतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पाळीव म्हणून कुठलाही सरपटणारा प्राणी आत घेत नाहीत, तिथला विषय संपला. कॅनडात भारतातून पाळीव कासव नेता येत नाही. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूंनी आजारी पडत. बॉल पायथन हा परदेशी अजगर किंवा हिरवा इग्वाना हा मोठा सरडा असेल तर प्रकरण सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जातं. भारत त्यात १९७६ पासून आहे. अशा प्राण्याला इथून बाहेर जाण्याचा परवाना लागतो, आणि युरोपात जायचं असेल तर तिथे शिरण्याचा वेगळा परवाना आधीच काढावा लागतो. इथे बहुतेकांची गाडी अडते ती पहिल्याच कागदावर. प्राणी देशात कायदेशीर आला होता का, याचा पुरावा मागतात आणि दुकानदाराने पावतीसुद्धा दिलेली नसते. २०२० साली सरकारने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करायची संधी दिली होती. २०२४ च्या नियमांनी सायटीसच्या यादीतल्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. ज्यांनी ती केली आहे त्यांनी वनविभागाशी बोलायला निदान सहा महिने आधी सुरुवात करावी. आणि ज्यांच्या घरी पाठीवर चांदण्या असलेलं कासव आहे, वास्तूला चांगलं म्हणून कुणी दिलेलं, त्यांनी परदेशाचा विचार बाजूला ठेवावा. ते भारतीय कासव आहे. ते घरात ठेवणं हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१९ पासून जगातही त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंधन आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या.

आता तुझ्या आईचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. आपल्याकडे देवळात पाय ठेवायच्या आधी दगडी कासव भेटतं, विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं असं म्हणतात, आणि गेल्या वीस वर्षांत कोकणाने कासवं 'सोडणं' हा शब्द अभिमानाने म्हणायला शिकलाय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी व्हायची, त्यांतून निघालेली पिल्लं बघायला आता मुंबई-पुण्याची माणसं पहाटे किनाऱ्यावर रांगेत बसतात. ओल्या वाळूवरून ती तळहातापेक्षा लहान पिल्लं वल्ह्यासारखे पाय मारत लाटेपर्यंत जातात, लाट त्यांना परत आणते, ती पुन्हा जातात. ज्याने हे पाहिलं, त्याला कासव पाण्यात सोडणं म्हणजे पुण्य असंच वाटणार.

पण ती पिल्लं आपल्या घरी जात असतात. बंडी तळीत गेली तर ती दुसऱ्याच्या घरात शिरेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ साली वेंगुर्ल्याकडच्या एका कुटुंबाने मला हाच प्रश्न विचारला होता. मुलगा बोटीवर नोकरीला लागला होता, कासव ताटाएवढं झालं होतं. मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नवीन होतो, गाई-म्हशींपलीकडे फारसं पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, सोडा देवळाच्या तळीत, खाईल-पिईल, मोकळं राहील. सोडायला मी स्वतः गेलो होतो. त्या तळीच्या उत्तरेला एक कातळ पाण्यात उतरलेला आहे. त्यावर सकाळी आपली काळी कासवं एकावर एक चढून ऊन खात बसायची, सात-आठ तरी सहज मोजता यायची. २०१६ च्या मे महिन्यात गावाने तळीचा गाळ काढला तेव्हा मला बोलावलं. गाळातून लाल गालांची तीन कासवं निघाली. म्हणजे माझ्यासारखा सल्ला आणखी कुणीतरी दिला होता. काळं कासव एकच निघालं, तेही डोळे सुजलेलं. कातळावर जागा मोठ्यांचीच होती. फक्त त्या तिघांमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, त्याच वर्षांत तळीला सिमेंटचा कठडाही झाला होता आणि कासवांना अंडी घालायला मऊ माती उरली नव्हती. पण माझा सल्ला चुकीचा होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न आला की मी सविस्तर उत्तर देतो.

आपली कासवं, ती काळी काय किंवा चिखलात राहणारी मऊ पाठीची काय, हजारो वर्षं या तळ्या-ओहोळांत आहेत. परकं कासव जास्त अंडी घालतं, ऊन खायची जागा धरून बसतं आणि सोबत आजारही आणतं. आणि बंडीचाही विचार कर. ११ वर्षं तिने शत्रू पाहिलेला नाही. माणसाचं पाऊल वाजलं की ती पळत नाही, खाऊ मागायला मान वर करून पुढे येते. तळीवर सगळीच माणसं खाऊ घेऊन येत नाहीत.

तर बंडी राहील गावात, तुझ्याच घरी, पण पडवीतल्या काचेच्या टाकीत नाही. ही कासवं नीट सांभाळली तर तीस वर्षं जगतात. म्हणजे तू तीन वर्षांनी परत येशील तेव्हा ती चौदाची असेल, अर्ध्या वाटेवर. एवढ्या काळासाठी तिला अंगणात, खळ्यात पक्की टाकी बांधून दे. एप्रिल संपत आलाय, पाऊस लागायच्या आत हे होऊ शकतं.

जागा निवड सकाळचं ऊन पडेल अशी. काच आणि प्लॅस्टिक उन्हातला तो भाग अडवतात ज्याने कासवाची पाठ टणक होते, म्हणून पडवीत कितीही उजेड असला तरी उपयोग नाही. सहा फूट बाय चार फूट, दोन फूट खोल, म्हणजे साधारण तेराशे लिटर पाणी. एका बाजूने खडबडीत उतार ठेव, म्हणजे तिला चढून कोरडं बसता येईल. तिथेच एक मोठा चिरा ठेव. टाकीभोवती चिऱ्याची भिंत दीड-दोन फूट, आणि वरचा थर आतल्या बाजूला चार बोटं पुढे काढायला गवंड्याला सांग. कासव भिंत चढत नाही असं तो म्हणेल. कोपऱ्यात नखं रोवून ते चढतं, मी पाहिलंय. भिंतीच्या आत, पाण्याबाहेर, तीन फूट बाय दोन फुटांचा एक वाफा मऊ माती आणि नदीच्या वाळूने फूटभर भर. तो अंड्यांसाठी. समुद्राची वाळू नको, खारट असते, आणि किनाऱ्यावरून वाळू आणायचीही नसते. अर्ध्या टाकीवर मांडव घालून माडाची चुडतं टाक, मे महिन्यात सावली लागेल. वरून जाळी हवी, कुत्रा, मुंगूस, कावळा आणि घोरपड या चौघांसाठी. सिमेंटची नवी टाकी लगेच वापरू नकोस. पाणी भर, चार-पाच दिवसांनी सोड, असं तीन वेळा कर, मग चुन्याचा अंश निघून जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोकणाबाहेरचा कुणी तुला सांगणार नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आषाढात एका रात्रीत टाकी काठोकाठ भरते. भरलेल्या टाकीत कासव पोहत वर येतं आणि पाण्याबरोबर भिंतीवरून निघून जातं. पुढे खळ्यातून गडग्याखालून व्हाळात, व्हाळातून नदीत. म्हणजे आईला 'नको' सांगून आपण जे टाळलं ते पाऊस करून टाकेल. भिंतीच्या काठापासून एक फूट खाली चार इंची पाइप बसव, जादा पाणी तिथून जाईल. पाइपाच्या तोंडावर गंज न चढणारी जाळी, आणि ती पाचोळ्याने तुंबली नाही ना हे पावसात रोज सकाळी बघायचं.

हे रोज कोण बघणार? पत्रात आई बोलतात, मामेभाऊ बोलतो, तू बोलतेस. वहिनी कुठेच बोलत नाही, आणि काम पडणार आहे ते तिच्यावर. तिला आधी विचार. 'बघशील ना गं' असं जाता जाता म्हणू नकोस. खाली बसून विचार, आणि नाही म्हणायची तिला मोकळीक दे. पाणी बदलायला आठवड्याला तास-दीड तास लागतो, ते भावाने करावं असं ठरवून दे. खर्च तू दरमहा पाठव, वहिनीच्या खात्यावर. ती नाही म्हणाली तर दुसरं घर शोधायला तुझ्याकडे अजून वेळ आहे. ज्याच्याकडे बंदिस्त टाकी आहे, जो आधी दोनदा येऊन बंडीला बघून जाईल, असा माणूस. 'द्या की, तळ्यात मासे आहेत तिथेच टाकतो' म्हणणाऱ्याला देऊ नकोस.

घरात तीन वर्षांची मुलगी आहे. साल्मोनेलाचं तुला वेगळं समजावत नाही, तू रोज हात धुणाऱ्यांतली आहेस. पाच वर्षांची होईपर्यंत तिने कासवाला हात लावायचा नाही, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचं नाही. माडाच्या आळ्यात ओता, माड खूश होईल.

जवळा बंद कर. मला माहीत आहे, आपल्याकडे मांजरापासून कासवापर्यंत सगळ्यांना जवळाच. पण सुकवलेल्या जवळ्यात मीठ असतं आणि कासवाला हवं ते जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतं. त्यानेच डोळे सुजतात. लहान कासव किडे-मासे जास्त खातं, पण बंडीच्या वयाचं कासव पाल्यावर आलेलं असतं. शेवग्याचा पाला, लाल माठ, जास्वंदीची पानं आणि फुलं, जलपर्णी. अळू नको. गोळ्या आठवड्यातून तीनदा, तिच्या डोक्याएवढ्या मापाच्या वर नाही. पहिले आठ-दहा दिवस ती पाल्याकडे बघणार नाही, वहिनीला सांगून ठेव, म्हणजे ती घाबरून पुन्हा जवळा घालणार नाही.

नर नसला तरी ती अंडी घालत राहील. त्यातून पिल्लं येणार नाहीत, कारण ती नाण्याएवढी असल्यापासून एकटी आहे. अंड्यांचे दिवस आले की ती खाणं सोडते, टाकीत येरझारा घालते, मागच्या पायांनी उकरते. वाफा असेल तर दोन-चार दिवसांत घालून मोकळी होते. पण उकरतेय, कण्हल्यासारखी तोंड उघडतेय आणि आठवडा झाला तरी अंडी नाहीत, तर थांबायचं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं आणि एक्स-रे काढायचा. तिथल्या डॉक्टरांना कासवाचा सराव नसेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारता येतं, यात कमीपणा काही नाही, मीही करतो.

आणि बाबांचं. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मी सोडून पुढे गेलो असं समजू नकोस. बंडी म्हणजे बाबा, असं तुला वाटतंय आणि तिला मागे ठेवणं म्हणजे त्यांना मागे ठेवणं. पण बाबांनी ते कासव कोल्हापूरहून मालवणला आणलं, ते तू घरात होतीस म्हणून. त्यांनी पहिली टाकी कशी बांधली, पाणी कुठून भरायचे, तिला काय म्हणून हाक मारायचे, हे तुलाच माहीत आहे. भाचीला अजून माहीत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत संध्याकाळी अर्धा तास तिला टाकीजवळ घेऊन बस आणि सांग. तू तिकडे गेल्यावर फोनवर ती तुला बंडीचं सांगेल.

बंडीला नव्या टाकीत जूनच्या पहिल्या आठवड्यातच हलव, जायच्या आदल्या दिवशी नको. निदान तीन महिने तू समोर असताना तिचा पहिला पावसाळा जाऊ दे. गवंडी आला की पाइपाची जागा आखून मला फोटो पाठव. जाळीची भोकं किती मोठी आहेत तेही त्यात दिसू दे.